पहिलं ‘नको’

आमच्या जावा बेटावरच्या क्लातेनकडे पहिल्यांदा ‘नको’ म्हणायचं असतं. चहा नको, केळ्याची भजी नको, खुर्चीसुद्धा नको. मग समोरचा आग्रह करतो, आपण पुन्हा ‘नको’ म्हणतो आणि तिसऱ्या वेळी ‘आता तुमचं मन कसं मोडू’ म्हणत चार भजी उचलतो. साखर कारखान्यात कारकून असताना मी बढतीलाही आधी ‘नको’च म्हणालो होतो. (साहेब सुमात्राचे निघाले; तिकडे ‘नको’ म्हणजे नकोच. बढती शेजारच्या टेबलाला मिळाली.)

एवढं होऊनही परवा मी विद्यापीठाच्या एका मुलीला घरी बोलावलं. तिऊर तिचं नाव, गाव मेदान, म्हणजे तेही सुमात्राच. म्हाताऱ्या माणसांना स्वतःच्या कामजीवनाबद्दल काय वाटतं, ते ती शून्य ते दहामध्ये मोजत फिरत होती. बाकीचे म्हातारे तिला बघून पळाले. मला दया आली.

ओसरीवर बसलो. पडद्याआड माझी बायको सुमिनेम चहा करत होती.

“काका, अजून इच्छा होते?”

“छे छे! या वयात कुठलं!” मी सवयीने म्हणालो आणि आग्रहाची वाट बघू लागलो.

“शून्य,” तिऊरने फोनवर बोट दाबलं. “काकूंबद्दल ओढ वाटते?”

“आता कसली ओढ!”

“शून्य.”

“अगं, पुन्हा विचार की!”

“कशाला? इतकं स्पष्ट बोलणारं माणूस मला इथे पहिल्यांदाच भेटलं!” पोरीने पहिल्याच आग्रहाला पुढ्यातली भजी संपवली आणि ती गेली.

चहा आलाच नाही. सुमिनेम आली.

“कसली ओढ, नाही का?”

“अगं, ते पहिलं ‘नको’ होतं!”

“मला बघायला आलात तेव्हाही तिसऱ्यांदा विचारल्यावर ‘पसंत’ म्हणालात. माझी आई दोनदाच विचारून थांबली असती तर?”

तिने पाठ फिरवली. खांदे हलत होते. मला फार वाईट वाटलं, कारण ती अंबाड्यात मोगरा खोचते तेव्हा मी आजही वर्तमानपत्र उलटं धरतो.

सायकल काढली. तिऊर नाक्यावरच्या चहावाल्याकडे सापडली.

“मला इच्छा होते!” मी धापा टाकत ओरडलो. “बायकोबद्दल! दहा लिही!”

सगळ्या बाकड्यांवरचे कप हवेत थांबले.

“दहा? नक्की ना, काका?”

आता एवढ्या लोकांसमोर दहा म्हणजे बढाईच. “नको, नको... साडेसात कर.”

मी मोगरा घेऊन घरी पोचलो, पण बातमी आधीच पोचली होती. सुमिनेमने हसू दाबत फुलं अंबाड्यात खोचली. मी जवळ सरकून बसलो आणि हळूच तिचा हात धरला.

“नको,” ती खाली बघून म्हणाली.

माझं मन फुललं. शेवटी क्लातेनचीच मुलगी!

“अगं, ये ना.”

“नको हो.”

वा! एकच पायरी उरली. मी घसा साफ केला आणि तिसऱ्यांदा विचारलं.

“नको म्हणजे नको! सकाळपासून गुडघा ठणकतोय. उठा, तेल गरम करून आणा.”

तेलाला मी पहिल्या फटक्यात ‘हो’ म्हणालो.