रुमाल टाकलेले सात डबे

जीवन तायड्यांनी रेल्वेचे सातच डबे बनवले, कारण घरच्या दिवाणावर आठवा मावेना. पाटबंधारे खात्यातली नोकरी सांभाळून प्लायवूड आणि पत्र्यातून घडवलेले ते हातभर लांबीचे नमुने होते. अकोल्याहून बार्शीटाकळीकडे जाणाऱ्या जुन्या मीटरगेज पॅसेंजरची हुबेहूब नक्कल. खिडक्यांना आडवे गज, आत लाकडी बाकं, इतकंच काय, संडासाच्या दाराची तुटकी कडीसुद्धा त्यांनी निष्ठेने तुटकीच बसवली होती. पाहुणे आले की त्यांना खुर्ची मिळायची. दिवाण मात्र गाडीसाठी राखीव होता.

हे सगळं ज्योत्स्नाबाईंनी बरेच दिवस चालवून घेतलं. पण आता त्यांच्या आई दुर्गाबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी येणार होत्या आणि त्यांना महिनाभर तो दिवाण लागणार होता. ज्योत्स्नाबाई शाळेत शिकवायच्या, त्यामुळे त्यांचं वाक्य एकदा बोललं की संपायचं. "रविवारच्या प्रदर्शनात इकले तं इकले," त्या म्हणाल्या, "उरले ते सोमवारी भंगारात."

"सातही?"

"सातही."

जीवनरावांचा जीव खालीवर झाला. सहा डबे विकायला त्यांची हरकत नव्हती. पण मधला एक डबा असा होता की तो भंगारात गेला तर आपणही त्याच्यासोबत जावं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. त्या डब्याची तिसरी खिडकी त्यांनी इतरांपेक्षा जास्त वेळ घासली होती. कारण विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं नसतं.

रविवारी शहरातल्या एका हॉलमध्ये छंदप्रेमींचं प्रदर्शन भरलं. जीवनरावांच्या मदतीला त्यांचा मित्र श्रावण आला होता. श्रावण शेवंती पिकवायचा आणि बाजारात स्वतःच विकायचा, त्यामुळे गिऱ्हाइकाचं मन तो कोळून प्यायला होता. त्यानेच पाटी लिहायला लावली : 'फक्त सात. पुन्हा बनणार नाहीत.' तरी दुपारपर्यंत लोक येत, तुटक्या कडीवर हसत आणि बाजूच्या टेबलावरची काडेपेट्यांची बैलगाडी बघायला निघून जात.

"एकावर तुया रुमाल टाक," श्रावण म्हणाला. "मी बी चार हार झाकून ठेवतो. गेलेला माल दिसला का मानूस थांबते."

जीवनरावांनी खिशातून रुमाल काढला. हात आपोआप मधल्या डब्याकडे गेला.

आता या मुलखातल्या माणसाने जन्मात दुसरं काही पाहिलं नसेल, पण जागेवर पडलेला रुमाल तो ओळखतो. पुढून जाणाऱ्या एका बाईंनी तो पाहिला, थबकल्या, आणि डबा कसला हेसुद्धा न विचारता शेजारच्या डब्यावर आपली ओढणी टाकून "आलेच" म्हणत गेल्या. त्यांच्या मागच्या गृहस्थाने पुढच्या डब्यावर वर्तमानपत्र ठेवलं. कुणी पाण्याची बाटली ठेवली. एका शेतकऱ्याने आपला दुपट्टा आडवा पसरून एकदम दोन डबे धरले. शेवटच्या डब्याला काहीच सापडेना म्हणून एका बापाने त्याच्यापुढे आपलं पोरगं बसवलं आणि "हलू नको" असं बजावून तो कचोरी खायला गेला.

पाच मिनिटांत सगळा माल धरला गेला होता आणि विक्री शून्य होती.

त्यात रोज अकोला ते बडनेरा जाणारे चार पासधारक आले. वर्तमानपत्राचा डबा आपला रोजचा आहे, असं त्यांनी शांतपणे सांगितलं, वर्तमानपत्र उचलून आपसात पानं वाटून घेतली आणि डब्याच्या टपावर पत्ते मांडले. वर्तमानपत्रवाला परत आला तेव्हा भांडण होईल असं वाटलं, पण त्यांनी त्याला जरा सरकून बाकाच्या टोकाला मिळते तेवढी जागा करून दिली आणि तो खूश झाला. हॉलबाहेरचा चहावाला गर्दी पाहून आत आला आणि "चाय, चाय" करत टेबलाभोवती फिरू लागला. एका म्हाताऱ्या बाईंनी जीवनरावांना मूर्तिजापूर कधी येईल ते विचारलं.

अशात अमरावतीचे श्यामराव आले. त्यांच्या बंगल्यातल्या एका अख्ख्या खोलीत छोट्या गाड्यांचे रूळ होते आणि त्यांनी सोबत खोकी आणली होती. डबे पाहून त्यांचे डोळे पाणावले. "सातही द्या," ते म्हणाले.

जीवनरावांना आकाश ठेंगणं झालं आणि लगेच त्यांची नजर टेबलावर गेली. "घ्या, पन... त्याच्यावर रुमाल हायेत."

"मंग उचला ना."

"मी कसे उचलू? लोकाइचे हायेत."

श्यामरावांनी स्वतः ओढणीकडे हात नेला. पण त्यांचं बालपण बडनेऱ्याला गेलं होतं. हात हवेतच थांबला आणि खिशात परत गेला.

"हा मधला रुमाल कोनाचा?"

"माया," जीवनराव म्हणाले आणि म्हटल्याबरोबर पस्तावले. सात डब्यांपैकी विकता येण्यासारखा एकच होता, आणि नेमका तोच त्यांना विकायचा नव्हता.

"मंग हा तं द्या."

"त्याच्यावर... कोनीतरी येनार हाय."

"कोन?"

तेवढ्यात गर्दीतून ज्योत्स्नाबाई आल्या. भंगारवाल्याला किती वाजता बोलवायचं, ते ठरवायला त्या आल्या होत्या. त्यांनी टेबल पाहिलं, पत्ते पाहिले, पोरगं पाहिलं. मग मधल्या डब्यावर, बरोबर तिसऱ्या खिडकीपाशी पडलेला नवऱ्याचा रुमाल पाहिला.

कॉलेजच्या दिवसांत रोज संध्याकाळी अकोला स्टेशनात गाडी लागली की बार्शीटाकळीचा एक हडकुळा मुलगा धावत यायचा आणि त्या खिडकीतून रुमाल टाकायचा. ज्योत्स्ना मागून सावकाश यायची, रुमाल उचलून त्याला द्यायची आणि खिडकीशी बसायची. आभारसुद्धा मानायची नाही.

ज्योत्स्नाबाईंनी रुमाल उचलला, घडी करून नवऱ्याच्या हातात दिला, डबा मांडीवर घेतला आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या.

"हा भरला," त्या श्यामरावांना म्हणाल्या.

त्याच वेळी वेळ संपल्याची शिट्टी हॉलच्या पहारेकऱ्याने फुंकली. शिट्टी ऐकताच कचोरी खायला बाहेर गेलेले सगळे धावत आत आले. ज्याने त्याने आपली ओढणी, दुपट्टा, बाटली, पोरगं उचललं, पासधारकांनी पत्ते गोळा केले आणि सगळे एकमेकांना ढकलत दाराकडे पळाले. आपण कुठे जातोय, हे कुणीही कुणाला विचारलं नाही. क्षणात टेबल रिकामं झालं आणि सहाही डबे मोकळे.

"आता घ्या," जीवनराव आनंदाने वळले. पण श्यामराव आपली खोकी डोक्यावर धरून सगळ्यांच्या पुढे पळत होते.

घरी येताच जीवनराव कामाला लागले. सातही डबे पुन्हा दिवाणावर लागले. शेवटी धीर करून त्यांनी विचारलं, "आईचं कसं मंग?"

"फोन केला मी तिले," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "जागा कमी हाय म्हनून सांगतलं."

सोमवारी सकाळी फाटकाशी ऑटो थांबला. जीवनराव सासूबाईंना हात द्यायला धावले, पण दुर्गाबाई त्यांना बाजूला सारून थेट दिवाणामागच्या खिडकीशी गेल्या आणि गजांतून आपली कापडी पिशवी आत फेकली. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता, तरी पिशवी दिवाणावरच्या डब्यांच्या अगदी मधोमध पडली.

"जवाईबापू," त्या पदराने घाम पुसत म्हणाल्या, "खिडकी मायी."