बोरसे सरांची पंगत

बोरसे सरांकडे जेवायला बसलेला माणूस "नको" म्हणाला, की वाढणारा हात खरोखरच पुढे जायचा. खानदेशी माणसाचा याहून मोठा अपमान नाही. आमच्याकडे पहिलं "नको" रीतीपुरतं असतं. खरं जेवण दुसऱ्या आग्रहापासून सुरू होतं. पण सर बधायचे नाहीत. "इंग्रजीत आग्रह नाही," ते ठणकावायचे. "नो म्हणजे नो. उपाशी उठा, म्हणजे लक्षात राहील!"

कारण हे नुसतं जेवण नव्हतं, इंग्रजीचा वर्ग होता. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी सुरतेत बँकेत होतो आणि तिथल्याच डिंडोली भागात सरांच्या भिंतीला भिंत लागून राहत होतो. सर मराठी शाळेतून निवृत्त झालेले, बायको वारलेली, मुलगा दिनेश पुण्यात नोकरीला. आता स्वस्थ बसावं की नाही माणसाने? पण गल्लीतल्या खानदेशी मिल कामगारांना आणि घरी साड्यांवर टिकल्या लावणाऱ्या बायकांना इंग्रजी बोलायला लावल्याशिवाय मरायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

पद्धत त्यांची स्वतःची. रविवारी संध्याकाळी सगळ्यांना पंगतीत बसवायचे आणि प्रत्येकाच्या गळ्यात एकेका शब्दाची पाटी अडकवायचे. पहिल्या पाटावर कर्ता, त्याच्या शेजारी क्रियापद, मग बाकीची मंडळी. क्रियापद झालेला सुकदेव मराठी सवयीने थेट पंगतीच्या टोकाला जाऊन बसायचा. सर त्याला दंडाला धरून कर्त्याशेजारी आणायचे. "इंग्रज कामाचं आधी सांगतो. इथून हललास तर वाक्य पडेल!" सुकदेव हलायचा नाही, पण ठेच्याची वाटी टोकाला असल्यामुळे बिचारा भाकरी कोरडीच चावत बसायचा.

मग यायचं मोजमाप. भाकरी मोजता येते, म्हणून हाऊ मेनी. खिचडी मोजता येत नाही, म्हणून हाऊ मच. शेंगदाणे अ फ्यू, गूळ अ लिटल. सर स्वतः रांधायचे, स्वतः वाढायचे आणि प्रत्येकासमोर थांबून विचारायचे. मागेल त्याला मिळणार. एकदा मीही भिडेपोटी "नो" म्हणालो आणि घरी येऊन बायकोची बोलणी खात पिठलं-भात जेवलो. वर्ष होत आलं तरी धडा याच्या पुढे सरकेना. पुढचं कधी, असं कोणी विचारलं की सर म्हणायचे, "आधी मागायला शिका!"

या वर्गात मंगला होती. नवरा दम्याने घरी बसलेला, पदरात दोन मुली. पर्वत पाटियाकडच्या एका इंग्रजी शाळेत लहान मुलांना सांभाळायला बाई हवी होती. सरांनी तिच्याकडून प्रश्नोत्तरं इतकी घोटून घेतली, की भिंतीपलीकडे माझीही पाठ झाली. ती मुलाखतीला गेली आणि रडत परत आली.

"मोठ्या बेननी इचारं, ही नोकरी पाहिजे का? मना तोंडमातून 'नो, नो' निंघी गयं!"

"अगं, पण का?" मी ओरडलोच.

"एकदम हो कसं म्हनानं, भाऊ? माले वाटनं, परत इचारतीन."

परत कोण विचारतंय? शाळेच्या त्या मुख्य बेननी मान हलवून दुसऱ्या बाईला आत बोलावलं होतं. मला हसू आवरेना. सर मात्र हसले नाहीत. "उद्या परत जायचं," ते म्हणाले. "आणि तोंडाने मागायचं. मी आत येणार नाही."

दुसऱ्या दिवशी मीही अर्धी रजा टाकून त्यांच्याबरोबर गेलो. फाटकावर शिपायाने "सुं काम छे?" म्हणून अडवलं, तेव्हा सर हाताची घडी घालून गप्प उभे राहिले. मंगलानेच काय ते सांगितलं आणि ती आत गेली. आम्ही दोघं बाहेर, रिक्षांचा धूर खात. बराच वेळ झाला. सरांना एकसारखा घाम फुटत होता.

"सर, एवढं मनाला का लावून घेता?" मी विचारलं.

त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं. मग म्हणाले, "दिनेशची आई गेली, तेव्हा तो म्हणाला होता, बाबा, पुण्याला येता का राहायला? मी म्हटलं, नको. एकदम हो कसं म्हणायचं? सुनेला वाटेल, म्हातारा टपूनच बसला होता." रुमाल खिशात कोंबत ते म्हणाले, "त्याने परत नाही विचारलं. त्याचा दोष नाही. लहानपणी त्याला मीच शिकवलंय, नो म्हणजे नो."

दर रविवारी एवढ्या पानांचा स्वयंपाक हा माणूस एकट्याने का रांधतो आणि धडा पुढे का सरकू देत नाही, ते मला तिथे, त्या फाटकापाशी कळलं.

तेवढ्यात मंगला धावतच बाहेर आली. "सर, मी मांगं! सोमवारपासून येवाले सांगं!"

सरांनी भर रस्त्यात टाळ्या वाजवल्या आणि शिपायाचाही हात धरून जोरजोरात हलवला. तो भांबावून बघतच राहिला.

परतताना रिक्षात मी म्हटलं, "सर, आज जेवायला आमच्याकडे या."

"नको, नको. उगाच तुमच्या मंडळींना त्रास."

मी पुन्हा म्हटलं. ते पुन्हा नको म्हणाले. मंगला आमच्या तोंडाकडे बघत होती. डिंडोली येईपर्यंत मी म्हणतच राहिलो. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली तेव्हा सर खाली उतरले, सदरा सारखा केला आणि हळूच म्हणाले, "एवढं म्हणताय, तर येतो."