बायसनची पुढची सीट

गाडी कशी घ्यावी हे गुरुनाथकडून शिकावं, असं मिशिगनमधल्या नोव्हाय गावची झाडून सगळी मराठी मंडळी म्हणत. निदान गुरुनाथ तरी तसं सांगत असे! कोणाला मिनिव्हॅन घ्यायची असो की मुलीसाठी सेकंडहँड सेडान, पहिला फोन गुरुनाथला. मग तो बेस मॉडेलपासून वरपर्यंत एकेक ट्रिम, म्हणजे त्याच गाडीची एकेक आवृत्ती, अशी सोलून काढायचा, की समोरच्याला गाडीपेक्षा सायकल बरी वाटू लागायची. तसा त्याचा अधिकारही होता. गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या कंपनीत त्याची उभी हयात गेली होती. पुढच्या सीटवर माणूस बसलाय की दुधाचा कॅन ठेवलाय, हे गाडीला कळवणारा सेन्सर हे त्याचं खातं. माणूस नसेल तर त्या बाजूची एअरबॅग बंद, आणि वर आरशापाशी पिवळा दिवा. "माझा दिवा कधी खोटं बोलत नाही," असं तो प्रत्येक पार्टीत सांगायचा आणि लोक समोसे आणायला उठायचे.

मनोहर तेवढा उठायचा नाही. तो गुरुनाथचा सगळ्यात जुना मित्र. दोघं एकाच वर्षी अमेरिकेत उतरले, एकाच खोलीत राहिले, एकाच कुकरमधला करपलेला भात खाल्ला. त्या काळात मनोहरला दांडग्या इंजिनाची मसल कार घ्यायची होती. गुरुनाथने समोर बसवून असं काही लेक्चर दिलं, की बिचारा मिनिव्हॅन घेऊन घरी आला.

आता मनोहरला कॅन्सर होता. डॉक्टरांनी औषधं थांबवली होती. त्याच्या बायकोने, शैलजाने, दिवाणखान्यात हॉस्पिसची खाट मांडून घेतली होती आणि सोफा गराजमध्ये गेला होता.

"गुरू, एकच इच्छा राहिलीय बघ," मनोहर म्हणाला.

"बोल ना!"

"बायसन."

बायसन म्हणजे अस्सल अमेरिकन मसल कार. नाव गव्याचं, अंगही गव्याचं, आणि सुरू झाली की गल्लीतली कुत्री पलंगाखाली!

"विकत नको रे. एकदा नुसतं पुढच्या सीटवर बसव. ती व्ही-एट इंजिनाची गुरगुर पाठीत जाणवली पाहिजे. जन्मभर मिनिव्हॅन चालवली मी. तुझ्यामुळे!"

गुरुनाथला गलबलून आलं. आणि गलबलून आलं की हा माणूस छाती ठोकतो. "एकदा काय? मीच घेतो बायसन! याच महिन्यात तुला बसवतो. शब्द दिला!"

घरी जाताना त्याची बायको नंदा एवढंच म्हणाली, "शब्द दिलास, छान केलंस. आता चार्ट करत बसू नकोस."

घरी पोचल्यावर त्याने बूटही न काढता चार्ट केला.

बायसनच्या चार ट्रिम. सगळ्यात खालची चार सिलिंडरची. शोरूममधल्या टॉडने ती सुरू केली, डरकाळी घुमली, आणि गुरुनाथने कान टवकारले. आवाज इंजिनाचा नव्हताच! स्पीकरमधून येत होता! त्याने तिथूनच मनोहरला फोन लावला.

"नको यार," मनोहर म्हणाला. "इथे नर्स रोज म्हणते, यू लुक ग्रेट. शैलजा म्हणते, आज चेहऱ्यावर तेज आहे. गाडीने तरी खरं बोलावं!"

दुसरी ट्रिम, साधी व्ही-एट. आवाज शंभर नंबरी, पण सीट गरम होत नव्हती. मनोहर तर भर उन्हाळ्यात दोन ब्लँकेटं घेऊन कुडकुडत होता. तिसरी, प्रीमियम. सीट गरम व्हायची, तीही तीन पायऱ्यांत, पण सस्पेन्शन कडक. नोव्हायचे खड्डे मनोहरच्या मणक्यांना कसे सोसणार? चौथी ट्रॅक एडिशन. सस्पेन्शन लोण्यासारखं, पण सीट रेसिंगची, दोन्ही बाजूंनी उंच कड्यांची, आणि मागे सीटच नाही. मग शैलजावहिनी कुठे बसणार? तरीही मनोहरला आत बसता येईल का, हे पाहायला गुरुनाथ स्वतः त्या सीटमध्ये उतरला आणि कमरेपाशी घट्ट अडकला! टॉडने काखेत हात घातले, मेकॅनिकने पाय धरले. सीट इंजिनिअर सीटमधून उपटून निघाला, तेव्हा अख्ख्या शोरूमने टाळ्या वाजवल्या.

फोनवर हे ऐकून मनोहर खोकला येईपर्यंत हसला. मग म्हणाला, "अरे, कुठलीही आण. ड्राइव्हवेत नुसती स्टार्ट केलीस तरी चालेल. मी खिडकी उघडायला सांगतो."

"असं कसं? तुला त्रास झालेला मला चालणार नाही!"

महिना संपला. दुसरा लागला. गुरुनाथ सस्पेन्शनला किती गुण द्यायचे यावर अडला होता. फोनवरचा मनोहरचा आवाज बारीक होत चालला होता, तसतसा चार्ट लांब होत चालला होता. नंदा एकदा चिडून ओरडली, "तो मरतोय रे! तू गुण कसले देतोयस?"

"म्हणूनच तर! चुकून चालणार नाही!"

अखेर प्रीमियम ठरली. टॉडकडे एक तयार उभी होती, भडक केशरी. एवढा केशरी रंग कोणालाच नको होता. गुरुनाथने चेकबुक घेतलं, सहज कॅलेंडर पाहिलं, आणि दारातच थबकला. पितृपक्ष लागला होता!

"तू कधीपासून मानायला लागलास?" नंदाने विचारलं.

"मी नाही मानत. पण गाडी मनोहरसाठी आहे. उगाच अपशकुन कशाला? घटस्थापनेला आणतो."

मनोहरला त्याने हे फोनवर सांगितलं.

"गुरू, पितृपक्ष संपेपर्यंत मीच पितर होईन रे."

"काहीतरी बोलू नकोस!" गुरुनाथ दटावून म्हणाला. त्यांच्यातलं ते शेवटचं बोलणं ठरलं.

घटस्थापनेची वाट मनोहरने पाहिली नाही.

बातमी कळली तसा गुरुनाथ मित्राच्या घरी जाण्याआधी शोरूममध्ये गेला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. ऐन पितृपक्षात, ना नारळ ना हळदकुंकू, त्याने दाखवतील तिथे सह्या केल्या आणि केशरी बायसन बाहेर काढली. स्वतःची त्याला एवढी लाज वाटत होती, की रस्त्यात ती किती गुरगुरली हेही त्याच्या लक्षात आलं नाही.

अस्थी आणायच्या दिवशी फ्युनरल होमच्या दारात दुसऱ्याच कोणाची अंत्ययात्रा निघाली होती. काळ्या कपड्यांतली माणसं, खांद्याखाली धरलेली शवपेटी, सगळीकडे चिडीचूप. मनोहरचा मुलगा देवांग अस्थींचा कलश घेऊन आला. ह्युरन सरोवरात विसर्जन करायचं ठरलं होतं. शैलजावहिनींनी केशरी गाडीकडे पाहिलं, त्यांना सगळं समजलं, आणि पदर सावरत त्या पुढची सीट वाकवून मागच्या बोळकांडीत शिरू लागल्या.

"वहिनी, अहो पुढे बसा! मागे गुडघे हनुवटीला लागतील!"

"राहू द्या भावोजी. पुढची जागा ह्यांची."

देवांगने कलश पुढच्या सीटवर ठेवला, पट्टा लावला, आणि स्वतः जुन्या मिनिव्हॅनकडे निघाला. गुरुनाथने हळूच, अगदी अदबीने स्टार्टचं बटण दाबलं.

टॉडने डेमो दाखवताना एक्झॉस्टचा आवाज सगळ्यात मोठ्या रेस मोडवर ठेवला होता!

बायसन जी काय गरजली! फ्युनरल होमच्या काचा थरथरल्या. पेटी धरणाऱ्यांपैकी पुढचा माणूस दचकून उडाला, पेटी तिरपी झाली, एक म्हातारी "जीझस!" म्हणत पाद्रीबुवांना बिलगली. गुरुनाथ आवाज बंद करायला एकेक बटण दाबत सुटला. वायपर लागले, हॉर्न वाजला, रेडिओवर ट्रॅफिकच्या बातम्या सुरू झाल्या! गुरगुर तेवढी थांबेना. चार ट्रिमांची तोंडपाठ तुलना करणाऱ्याला आपल्याच गाडीचं ते एक बटण सापडत नव्हतं. "सॉरी! सो सॉरी!" तो काच खाली करून ओरडला आणि तशीच गर्जत गाडी पळवली.

मागच्या मिनिव्हॅनमधून देवांगचा फोन आला. गुरुनाथला वाटलं, आता हा बोलणार. "अंकल," देवांगला एकाच वेळी हसू आणि रडू येत होतं, "डॅड वुड हॅव लव्ह्ड दॅट."

हायवेला लागल्यावर गुरगुर खोल आणि एकसारखी झाली. मनोहरला हवी होती तशीच ती पाठीत जाणवत होती. गुरुनाथने कलशाच्या सीटचं हीटर चालू केलं. आपण काय करतोय ते त्याला नीट कळत होतं, तरीही केलं.

"भावोजी," मागून वहिनींनी विचारलं, "तो वरचा पिवळा दिवा कसला हो? मगापासून लागलाय."

गुरुनाथने वर पाहिलं. त्याचाच दिवा. पुढच्या सीटवर कोणी नाही, असं सांगणारा. आयुष्यभर तो या दिव्याबद्दल न विचारता बोलत आला होता, आणि आज कोणीतरी आपणहून विचारत होतं.

"तो होय? काही नाही वहिनी. सीट गरम होतेय ना, त्याचा."

"मग अजून वाढवा की थोडी. ह्यांना थंडी फार वाजायची."

गुरुनाथने बटण पुन्हा पुन्हा दाबलं. हीटरचे तिन्ही दिवे लागले. वरचा पिवळा तसाच राहिला.