चार बोटं अंतर

आमच्या शेजारचे काळेभाऊ रोज सकाळी गच्चीवर उभे राहून, तिथे नसलेल्या पाण्याच्या टाकीला मिठी मारतात. गुडघे किंचित वाकलेले, दोन्ही हात गोल, डोळे मिटलेले, आणि चेहऱ्यावर ही टाकी आता कोणत्याही क्षणी फुटेल असा भाव. इरा, निहार, मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर माझ्या खांद्यामागे तुम्हाला दिसले ते हेच. "आजी, ते कोणाला धरून उभे आहेत?" असं विचारून तुम्ही दोघं इतके हसलात की उत्तर राहून गेलं. ते फोनवर घाईत सांगण्यासारखं नव्हतंही. म्हणून नीट लिहून पाठवते. आधी माणूस, मग त्याचा प्रयोग.

रंगनाथ काळे मूळचे श्रीगोंद्याकडचे. तिकडच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट होते. उसाच्या रसात साखर किती उतरणार, हे प्रयोगशाळेत बसून सांगायचं काम. निवृत्त झाल्यावर त्यांनी नगरला, सावेडीत, आमच्या भिंतीला भिंत लागून घर घेतलं. बी.एस्सी. झालेले, पण बोलणं गावाकडचं, आणि ते बदलावं असं त्यांना कधी वाटलं नाही. कारखाना सुटला तरी तपासायची सवय सुटली नाही. दूधवाल्याच्या किटलीत काचेची नळी बुडवल्याशिवाय ते दूध घेत नसत. दूधवाला वैतागून म्हणायचा, "भाऊ, म्हैसच आनून बांधू का दारात?"

"बांध की. पन ती पानी किती पिती त्येबी बघावं लागंल."

त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता, "कंट्रोल कुठाय?" म्हणजे असं की, अमुक उपाय केलेल्यांना बरं वाटलं, ठीक, पण तो न केलेल्यांचं काय झालं, हे कोणी पाहिलं का? कोपऱ्यावरचे जगताप शनिशिंगणापूरला तेल वाहून आले आणि आपला गुडघा दुखायचा थांबला म्हणून गल्लीभर सांगत सुटले. भाऊ फाटकातूनच म्हणाले, "आनि ज्यांनी तेल न्हाई वाह्यलं, त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली का?" जगतापांनी पुढे महिनाभर त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं.

असा माणूस ची-गाँगच्या वाटेला गेला तो बायकोमुळे, यमुनावहिनींमुळे.

वहिनींना नागीण झाली होती. डाव्या बरगडीवरून पाठीकडे पुरळाचा पट्टा उठला. पुरळ गेलं, पण खालची नस दुखावलेलीच राहिली. डॉक्टर म्हणाले, काही जणांना असं होतं, म्हाताऱ्या माणसांना जास्त. नुसतं दुखत नव्हतं, तिथे कशाचाही स्पर्श सहन होत नव्हता. लुगड्याचा काठ लागला तरी निखारा लागल्यासारखा चटका बसे. जन्मभर नीटनेटक्या लुगड्यात वावरलेली ती बाई भाऊंचा धुऊन धुऊन विरलेला सदरा घालून बसू लागली, आणि तोसुद्धा अंगाला लागू नये म्हणून दिवसभर चिमटीत धरून अंगापासून दूर ठेवायची. कोणी आलं की ओशाळायची. "बाई, बघा ना माझं सोंग," मला म्हणायची. गोळ्यांनी चक्कर यायची. पुण्याला नेऊन नसेत इंजेक्शन द्यावं, असं डॉक्टरांनी सुचवलं होतं. भाऊ म्हणाले, "बघू, आधी सगळी माहिती घेऊ."

त्याच सुमारास इथल्या एका मंगल कार्यालयात ची-गाँगचं शिबिर भरलं. पांढरा झब्बा घातलेले शिक्षक सांगत होते, ही चीनमधली जुनी विद्या. अंगात 'ची' नावाची शक्ती वाहते, श्वासाने, सावकाश हालचालींनी आणि हात गोल धरून उभं राहिल्याने ती वाढवता येते, आणि मुरलेला साधक ती हात न लावता, चार बोटं अंतरावरून, दुसऱ्याला देऊ शकतो. भाऊंचा हात वर. "कंट्रोल कुठाय?"

"आधी अनुभव घ्या, काका," शिक्षक हसून म्हणाले.

भाऊंनी घरी येऊन दोन तळव्यांमध्ये थर्मामीटर धरून अनुभव घेतला. मला भिंतीवरून सांगितलं, "पारा चढतोय थोडा. पन च्या पिल्यावरबी चढतो." मला वाटलं, संपलं हे प्रकरण. पण 'हात न लावता' एवढे शब्द त्यांच्या मनात रुतून बसले असावेत. दुसऱ्या दिवसापासून गच्चीवर टाकी आली.

मग वाचन सुरू झालं. फोनवर शोधनिबंध शोधायचे आणि इंग्रजी अडलं की भिंतीवरून हाक. "बाई, शॅम म्हंजी काय?"

"खोटं. सोंग."

"मग बराबर हाय."

शास्त्रज्ञ काय करतात, ते त्यांनी मला दारात उभं करून समजावलं. एक खरा साधक घ्यायचा आणि एक नुसती हातवारे करणारा. कोणाचा हात समोर आहे हे रोग्याला कळू द्यायचं नाही. मग गुण कोणाचा, ते पाहायचं. मी विचारलं, "काय निघालं मग?" भाऊंनी नाक मुरडलं. "कुठं गुन आला म्हनत्यात. कुठं खोट्या हातानंबी तेवढाच आला. आनि मानसं किती घेतली, तर मूठभर! एवढ्या सॅम्पलवर आमी उसाची गाडीबी पास केली नसती." थांबून म्हणाले, "म्हनून घरीच करायचं. खरा हात माझा. बाई, खोटा हात तुमी."

तुमची आजी आयुष्यात बरंच काही झाली, पण खोटा हात प्रथमच झाली.

त्याआधी मेथीवर चाचणी झाली. दोन ट्रे पेरले, एकाला भाऊ रोज ची द्यायचे, दुसऱ्याला नाही. ची मिळालेली मेथी तरारून वर आली. भाऊ दोन दिवस हवेत होते. मी मात्र स्वयंपाकघराच्या खिडकीतून वहिनींना त्या ट्रेवर तांब्याभर जास्त पाणी शिंपडताना पाहिलं होतं. विचारलं तर म्हणाल्या, "न्हाई उगवली तर ह्यांचं तोंड एवढंसं हुतं बाई."

वहिनींवरचा प्रयोग दुपारी चालायचा. भाऊ त्यांच्या डोळ्यांवर स्वतःचा मफलर बांधायचे. डब्यातून चिठ्ठी निघेल त्याप्रमाणे भाऊ किंवा मी स्टुलावर बसायचं आणि बरगडीपासून चार बोटांवर हात धरायचा. मला बांगड्या काढून, पायात मोजे घालून यावं लागे. दोघांनीही डोळे मिटायचे. भाऊंनी ची पाठवण्यासाठी आणि मी ती चुकूनही जाऊ नये म्हणून. "मनात एकोनतीसचा पाढा म्हना," त्यांनी बजावलं होतं. "नुसतं बसला आनि तुमच्या मनात दया आली, तर प्रयोग बाद." तो पाढा मला शाळेतही येत नव्हता, त्यामुळे दया यायला सवड नव्हती.

मग ते विचारायचे, "किती?" शून्य म्हणजे दुखत नाही, दहा म्हणजे सोसवत नाही. माझा हात असला की वहिनी म्हणायच्या, आठ. भाऊंचा असला की, चार. पुढे तीन. पुढे दोन.

हळूहळू मलासुद्धा वाटायला लागलं की असेल बुवा काहीतरी. भाऊ तर बदललेच. दूधवाल्याला नळी न बुडवता पैसे दिले. जगतापांना फाटकात गाठून म्हणाले, "तुमच्या तेलाचंबी बघू कधीतरी." ज्येष्ठ नागरिक संघात त्यांनी आपला निकाल वाचून दाखवायचं कबूल केलं. आणि डॉक्टरांनी पुन्हा पुण्याचं विचारलं तेव्हा म्हणाले, "आता कशाला सुई? घरच्या घरी उतार पडतोय."

वहिनी शेजारीच बसल्या होत्या, सदरा चिमटीत धरून.

पण केमिस्ट तो केमिस्टच. एक दिवस जिन्यात मला थांबवून म्हणाले, "बाई, एक राह्यलं. कोरा नमुना." कारखान्यात म्हणे अधूनमधून नळीत रस न घालताच मोजमाप करून पाहत, यंत्रच खोटं बोलतंय का हे कळावं म्हणून. "आज तुमीबी हात धरू नका, मीबी न्हाई. नुसतं बसायचं."

मफलर बांधून झाला. मी दाराजवळच्या खुर्चीवर. भाऊ स्टुलावर, हात स्वतःच्या मांडीवर. ची पाठवायची नव्हती, म्हणून डोळे मिटायचं कारण नव्हतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते डोळे उघडे ठेवून वहिनींच्या समोर बसले होते.

मीही पाहिलं. वहिनींच्या पायांची बोटं आत वळली होती, घट्ट, नखं पांढरी पडेपर्यंत. गळ्याची शीर ताठ. ओठांवर मात्र आम्हाला दाखवण्यापुरतं हसू.

"किती?" भाऊंनी विचारलं.

"दोन," वहिनी म्हणाल्या. "आज लई बरं वाटतंय."

भाऊंनी उठून मफलराची गाठ सोडली, कुठेही बोट लागणार नाही अशी. ते परत स्टुलावर बसले. वहिनींनी डोळे उघडले आणि भाऊंचे मांडीवरचे हात पाहिले.

"आता खरं सांग. किती?"

"नऊ."

"पहिल्यापास्नं?"

वहिनींनी होय म्हणून मान हलवली.

"आनि मी बसलोय हे कसं कळायचं तुला?"

"आता तुमचा श्वासबी वळखायचा न्हाई व्हय मला?"

भाऊंचा आवाज चढला. "अगं, मग खोटं कशापायी? डॉक्टर पुन्याला चला म्हनत हुता! मी तुझ्या आकड्यावर न्हाई म्हनलो!"

"गुन न्हाई म्हनले असते," वहिनी सावकाश म्हणाल्या, "तर तुमी दुसऱ्याच दिवशी हे सोडून दुसरं काढलं असतं. ह्या स्टुलावर कोन बसलं असतं? सगळा जलम कारखान्यात गेला तुमचा. गाळप हाय म्हनून, न्हाईतर दुरुस्ती हाय म्हनून. दुपारचं तुमचं तोंड मी आत्ता कुठं बघाय लागले."

"मग बसा म्हनायचं की!"

"असं कुनी म्हनतं का?" वहिनी माझ्याकडे बघून लाजल्या. इतक्या दुखण्यात. मी उठले आणि पाणी आणायला आत गेले. आत पुष्कळ वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भाऊ त्यांना पुण्याला घेऊन गेले. वाटेत सदऱ्याला गाडीचा पट्टा लागू नये म्हणून ते मागच्या सीटवर त्यांच्या बाजूला बसून पट्टा हातात धरून गेले, असं ड्रायव्हरने नंतर सांगितलं. इंजेक्शनने उतार पडला, पण पुरता नाही. डॉक्टर म्हणाले, आधी आला असतात तर जास्त उपयोग झाला असता का, हे सांगता येत नाही. भाऊंनी ते वाक्य माझ्यापाशी दोन-तीनदा म्हणून दाखवलं. "सांगता येत न्हाई म्हनले, बाई. झालाच असता असं न्हाई म्हनले." एरवी असल्या उत्तराला त्यांनी पास केलं नसतं. मी म्हटलं, "खरंच येत नाही, भाऊ."

ज्येष्ठ नागरिक संघात निकाल वाचायचा दिवस आला. मी म्हटलं, जाऊ नका. ते इस्त्रीचा सदरा घालून गेले. माइक नको म्हणाले. "प्रयोग फसला," ते म्हणाले. "माझ्या हातात काय न्हाई. ह्याच्यावरनं सगळ्यांच्याच हातात न्हाई असं म्हनता येनार न्हाई, कारन माझं मोजमापच चुकलं. चूक प्रयोग करनाराची. सॅम्पल चांगलं हुतं." आणि खाली बसले.

मागून जगताप ओरडले, "मग भाऊ, गच्चीवर टाकी कशाला धरता अजून?"

"कंबर मोकळी हुती," भाऊ म्हणाले. लोक हसले. तेही थोडे हसले.

त्यानंतर मला कधी खोटा हात व्हावं लागलं नाही. डबा, चिठ्ठ्या, मफलर, सगळं गेलं. स्टूल मात्र तिथेच राहिलं. दुपारी जेवण झालं की भाऊ त्यावर बसतात आणि बरगडीपासून चार बोटांवर हात धरतात. त्यातून काही जात नाही, हे आता दोघांनाही माहीत आहे. "किती?" असं ते विचारतात आणि वहिनी खरा आकडा सांगतात. कधी सहा, कधी आठ. तो ऐकायला भाऊंना जड जातं. मी भिंतीपलीकडून त्यांचं खाकरणं ऐकते.

परवा दुपारी मी शिऱ्याची वाटी घेऊन गेले. दार उघडंच होतं. भाऊंचा हात नेहमीसारखा हवेत होता. वहिनींनी चिमटीतला सदरा सोडला, त्यांचं मनगट धरलं आणि तो हात हळूच खाली घेऊन बरगडीवर ठेवला.

भाऊ दचकून हात काढू लागले. वहिनींनी मनगट सोडलं नाही.

"अगं, दुखंल."

"दुखतंय," वहिनी म्हणाल्या. "राहू द्या."