सात झाकणं आणि एक पाणबुडी

स्वयंपाकघरातून सातवं झाकण नाहीसं झालं, तेव्हा चोर शोधायला बाईंना घराबाहेर जावं लागलं नाही. चोर गॅरेजमध्ये पाणबुडीखाली उताणा पडला होता.

चोर म्हणजे त्यांचे यजमान. उभा जन्म नळदुरुस्तीत गेला, आणि निवृत्तीनंतर सहा वर्षं खपून त्यांनी दुधाच्या टँकरच्या जुन्या टाकीची दोन माणसांची पाणबुडी केली. ती बंदरात उतरवायला बंदर अधिकाऱ्याने एकाच रविवारची परवानगी दिली होती. त्यानंतर तिथे गाळ उपसायचं काम निघणार, ते दोन वर्षं चालणार. गृहस्थांचं वय अडुसष्ट, आणि गुडघे त्याहून थोरले. हा रविवार हुकला की पाणबुडी गॅरेजातच म्हातारी होणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

घोडं अडलं होतं रंगापाशी. खाऱ्या पाण्याला पुरून उरेल असा लेप हवा होता. बाईंच्या धाकट्या भावाचं रंगांचं दुकान. त्याने सात डबे आणले आणि सातही सर्वोत्तम असल्याची शपथ घेतली. म्हणून ही परीक्षा. सात झाकणं, सात लेप, मागे पेन्सिलीने नंबर, आणि चाळीस दिवस मिठाच्या पाण्याची बादली. रंग पाहून मन ढळू नये म्हणून गृहस्थांनी सातही डबे एकाच राखाडी छटेत करून घेतले होते. न्यायाधीशसुद्धा इतकं करत नाहीत.

चाळीस दिवस भरले त्या सोमवारी बाईंची बहीण सहकुटुंब जेवायला येणार होती. झाकणं शोधताना बाईंना पाणबुडीमागे लपवलेली बादली सापडली. सव्वीस वर्षं शाळेच्या खानावळीत स्वयंपाक केलेल्या त्या बाई. भांड्याला काही चिकटलेलं त्यांना बघवत नसे. त्यांनी तारेची घासणी घेतली. गृहस्थ येईपर्यंत सहा झाकणं आरशासारखी लखलखत होती.

"अगं, हे काय केलंस! नंबर कुठे गेले?"

"गेले मोरीत. आणि हे सातवं बघा. हात मोडायची वेळ आली, पण निघत नाही मेलं. कायमचं वाटोळं केलंत!"

गृहस्थ आधी मटकन खाली बसले आणि मग ताडकन उठले. "निघत नाही? म्हणजे हाच तो!"

"हाच कोण?"

नंबर तर मोरीत गेले होते. मेहुण्याला बोलावलं. त्याने झाकण हुंगलं, नखाने खरवडलं. "दाजी, तीन नंबर. डोळे मिटून सांगतो."

"उघडून सांग."

"मग पाच."

शेवटी नव्याने परीक्षा ठरली. बाईंनी भांड्यांच्या कपाटाला कुलूप लावलं होतं, त्यामुळे सात लेपांचे पट्टे मिळेल त्यावर ओढले गेले: टपालपेटी, बादली, सायकलचा मडगार्ड, फ्रीजचं दार, आणि मेहुण्याच्या नव्या गाडीवर, त्याला न विचारता, तीन. बुधवारी बाईंना घासणीसकट परीक्षक नेमलं. पहिला पट्टा निघाला. दुसरा निघाला. सातही निघाले. मेहुण्याच्या गाडीचा तर मूळ रंगही निघाला.

"ताई, अगं हळू!"

"हळू घासायला मी काय बाळाला आंघोळ घालतेय?"

गृहस्थ पायरीवर डोकं धरून बसले. रविवार चार दिवसांवर आला होता. त्यांचा पडलेला चेहरा बाईंना पाहवेना.

"एक विचारू? रंग लावण्याआधी हे सगळं घासलं होतंत?"

"पुसलं होतं की फडक्याने."

"फडक्याने!" बाईंनी कपाळावर हात मारला. "ते सातवं झाकण दुधाच्या पातेल्याचं. दूध करपलं होतं, म्हणून तुम्ही चोरायच्या आदल्याच दिवशी मी ते तुमच्या खरखरीत सँडपेपरने घासलं होतं. गुळगुळीत भांड्यावर काही टिकतं का कधी? डबा कुठलाही घ्या, आधी घासा!"

नळवाला आणि रंगवाला, दोघांच्या मिळून सत्तर वर्षांच्या अनुभवाचं तोंड एका करपलेल्या दुधाने बंद केलं होतं.

गुरुवारी बाईंनी पदर खोचला. दोघा पुरुषांना सँडपेपर देऊन त्यांनी अख्खी पाणबुडी घासून घेतली, दोनदा नापास केली, तिसऱ्यांदा पास केली. शुक्रवारी लेप चढला. रविवारी बंदर अधिकाऱ्याने किल्लीने खरवडून पाहिलं, किल्लीच वाकली.

"छान. सोबत कोण बसणार?"

मेहुणा पुढे सरसावला. पण बाई, ज्यांनी सहा वर्षं 'त्या डब्यात मी पाऊल ठेवणार नाही' असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं होतं, त्या केव्हाच आत जाऊन बसल्या होत्या.

"मी घासून घेतलीय. मीच बसणार."

झाकण बंद झालं. पाणी काचेवर चढलं, हिरवं झालं, आणि चंदेरी माशांचा एक थवा डोळ्यांसमोरून वळून गेला. बाईंनी काचेला नाक टेकवलं. मग त्यांच्या हातावर एक थेंब पडला.

"अहो! गळतंय कुठेतरी!"

"नाही गं," नळवाल्याने बाहीने डोळे पुसले. "मीच आहे."