तुजू म्हटल्याशिवाय सातवा मजला नाही

आमच्या ब्लॉकमध्ये संध्याकाळी सहा ते सातच्या दरम्यान सातव्या मजल्यावर जायचं असेल, तर 'तुजू' म्हणावं लागतं. 'सेव्हन' म्हणून चालत नाही. लिफ्टमध्ये बटणांना पाठ लावून, लाल प्लास्टिकच्या स्टुलावर चेगू बसलेले असतात. मलय भाषेत आकडा सांगा, मगच ते बटण दाबतात. चुकलात तर म्हणतात, "उलांग." म्हणजे पुन्हा म्हण.

चेगू म्हणजे मास्तर. सेम्बावांगच्या आमच्या या कोपऱ्यात त्यांना दुसऱ्या नावाने कोणी ओळखत नाही. पाचव्या मजल्यावरच्या चिनी आंटी 'लीमा' असं म्हणतात, की ऐकणाऱ्याला शिवी वाटावी. तिसऱ्यावरची पोरं "फास्ट लह, चेगू" करत नाचतात. जेवणाची पाकिटं पोचवणाऱ्या एका माणसाला नऊचा आकडा तीनदा सांगूनही जमेना, तेव्हा तो बिचारा जिन्याने गेला. चेगूंनी खालून त्याला हाक मारून सांगितलं, "पायऱ्या मोजत जा, मलयमध्ये."

मी इथल्या एका भारतीय हॉटेलात आचारी आहे. मूळचा बार्शीचा, शाळा आठवीपर्यंत. आठवीत आमच्याकडे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून सुरू झालं. त्रिकोणाशी माझी चांगली ओळख होती. त्याचा ट्रँगल झाला आणि मी चुलत्याच्या खानावळीत कांदे कापायला लागलो. त्यामुळे या देशात मला कोणी नुसतं 'गुड मॉर्निंग' म्हटलं तरी धाकधूक होते, आणि कोणी दार धरून ठेवलं तरी मी दोनदा आभार मानतो. थोडीफार मलय मात्र हॉटेलात भांडी घासणाऱ्या मलय काकीकडून कानावर पडली होती. चेगूंना 'तुजू' पहिल्याच फटक्यात म्हणणारा परदेशी मीच. त्यांनी स्टुलावरून उठून मला बसायला दिलं.

त्यांची गोष्टही माझ्यासारखीच निघाली. ते मलय शाळेत विज्ञान शिकवायचे. आईबापांनी पोरं इंग्रजी शाळांत घातली, वर्ग ओस पडले, शाळा बंद झाली. दुसऱ्या शाळेत तेच विज्ञान इंग्रजीतून शिकवायला सांगितलं, ते काही जमलं नाही. मग त्यांना बागकामाचा तास दिला. "झाडांनाही इंग्रजी येत नव्हतं," ते म्हणाले, "म्हणून निवृत्तीपर्यंत टिकलो."

तर मुद्दा असा, की स्वयंपाकघरात काम करायचं तर इथे स्वच्छतेची परीक्षा पास व्हावी लागते. मी इंग्रजीतून दोनदा बसलो, दोनदा आपटलो. मालक पुण्याचे, भला माणूस. त्यांनी मला चहा पाजला आणि म्हणाले, "दिलीप, तिसऱ्यांदाही नापास झालास तर मला तुला ठेवता येणार नाही रे." काम गेलं की इथे राहायचा पास जातो, पास गेला की बार्शी. मी त्या चहाचेही आभार मानले.

चेगूंना कळलं तेव्हा त्यांनी विचारलं, "ती परीक्षा मलयमधूनही देता येते, माहीत आहे ना?"

मला माहीत नव्हतं. नाव नोंदवायला गेलो तर काउंटरवरच्या बाईंनी चेहरा बघून मला तमिळचा फॉर्म दिला. मी मलयचा मागितला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पोहायच्या परीक्षेला घोडा आणला होता.

मग दीड महिना, माझ्या दुपारच्या सुट्टीत, ब्लॉकखालच्या दगडी बाकावर वर्ग भरला. विद्यार्थी एक, मास्तर एक, खडू मात्र चार रंगांचे. कच्चं मटण फ्रिजमध्ये खाली, शिजवलेलं वर. तापमानाला 'सुहू'. या सुहूवर त्यांचा फार जीव. "उलांग, लीप," ते म्हणत. नावाचं शेपूट तेवढं ठेवायची इथली रीत आहे. मी सुहू, सुहू म्हणत भाजीला फोडणी द्यायचो. आमचा रोटीवाला मला टाळू लागला.

एका रविवारी पुंगोलहून चेगूंची नात आली. पंधरा-सोळा वर्षांची, कानात गाणी ऐकायचं यंत्र. लिफ्टमध्ये शिरली आणि म्हणाली, "नाइन, ग्रँडपा." मी 'उलांग'ची वाट बघत उभा. चेगूंनी मुकाट्याने नऊचं बटण दाबलं. वर जाईपर्यंत ती इंग्रजीत भरभर काहीतरी सांगत होती. चेगू हसत "येस, येस" करत होते. त्यातलं निम्मंही त्यांना कळत नव्हतं, हे मला कळत होतं. त्या हसण्याचा मला चांगला सराव आहे.

दुसऱ्या दिवशी बाकावर मी भीत भीत विचारलं, तिला 'उलांग' का नाही म्हणालात?

ते खडूची टोकं डबीत भरत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही सगळे रोज येता. ती महिन्यातून एकदा येते. तिला नापास करून कसं चालेल?"

परीक्षेला आणि त्याआधीच्या वर्गाला आठ मलय बायका आणि मी. आणि गंमत बघा, शिकवणाऱ्या बाई मलयमध्ये सुरुवात करायच्या आणि दर तिसऱ्या शब्दाला इंग्रजीवर यायच्या. टेम्परेचर, स्टोरेज, काय काय. ज्याला घाबरून पळालो तेच इथे खुर्ची टाकून बसलेलं. तोंडी प्रश्न आला तेव्हा मी उभा राहून चेगूंच्या चालीत 'सुहू' म्हणालो. बायका खुदकन हसल्या. एकीने विचारलं, "हे काय असतं?" दुसरी म्हणाली, "अगं, माझी आजी म्हणायची." बाईंनी मात्र तोंडीत मला पास केलं.

निकाल फोनवर आला तसा मी धावत ब्लॉकवर आलो. सहा वाजून गेले होते. चेगू स्टुलावर होते. मी पास म्हणालो, त्यांचे पाय धरले. त्यांनी घाईने मला उठवलं आणि विचारलं ते एवढंच, "वर्गात सगळे सुहू म्हणाले?"

"सगळे म्हणाले, चेगू."

"उलांग," ते हळूच म्हणाले.

"सगळे म्हणाले."

हा मास्तर कधी चुकलेलं उत्तर सोडत नाही. मी 'तुजू' म्हणायला तोंड उघडलं, पण त्याआधीच त्यांनी मागे वळून सातचं बटण दाबलं होतं.