सव्वादहाचा वास

सरांच्या खुर्चीच्या पाठीला पहिलं भोक पडलं तेव्हा मावशींना या घरात राहायला येऊन एकच दिवस झाला होता. चाळीस वर्षं त्यांनी शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत काचेच्या गोळ्यात बघून लोकांचं भविष्य सांगितलं होतं. आता गुडघ्यांना जिना झेपेना, म्हणून भाचीने त्यांना आणि त्यांच्या गोळ्याला घरी आणलं. भाचीचा नवरा म्हणजे हे सर, शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांनी मावशींना नमस्कार केला, गोळ्याला केला नाही.

गोळा खिडकीच्या कट्ट्यावर बसला. कट्ट्याला टेकून सरांची खुर्ची होती. परीक्षा संपून सुट्टी लागलेली, त्यामुळे सर दहापर्यंत तिथे पेपर वाचायचे आणि मग अंघोळीला जायचे. त्या दिवशी ते बाहेर आले तर खोलीत जळका वास, आणि खुर्चीच्या पाठीला बोट जाईल एवढं भोक.

"इस्त्री चालू ठेवलीस का?" सरांनी विचारलं.

"इस्त्री आत कपाटात आहे," भाची म्हणाली. "तुम्हीच काहीतरी केलं असेल."

दुसऱ्या दिवशी खुर्चीवर टाकलेला टॉवेल जळला. वेळ तीच, सव्वादहा. खुर्चीमागे प्लगचा बोर्ड होता, त्यामुळे सरांचं निदान झालं. वायरिंग! त्यांनी वायरमनला बोलावलं. केस पिकलेला, बोलका माणूस. त्याने बोर्ड उघडला, भिंत दोन हात फोडली, फ्रिज स्वयंपाकघरातून बाहेर ओढला आणि मेन स्विच बंद करून गेला. तिसऱ्या दिवशी मेन बंद असताना खुर्चीवर टाकलेल्या सरांच्या नव्या शर्टाला भोक पडलं.

"असं कसं होईल?" भाचीने विचारलं.

"करंट साठून राहतो कधी कधी भिंतीत," वायरमन म्हणाला.

विज्ञानाच्या सरांनी गंभीरपणे मान डोलावली.

संध्याकाळी भाची खोलीत गेली तर मावशी ट्रंकेत लुगडी भरत होत्या.

"मी आले आणि तुझं घर जळायला लागलं गं. माझाच काहीतरी पायगुण."

"मावशी, तू भविष्य सांगतेस ना? मग काय होणार ते बघ की गोळ्यात!"

"स्वतःचं दिसत नाही त्यात," मावशी म्हणाल्या आणि ट्रंकेचं झाकण लावलं.

चौथ्या दिवशी दुसरी भिंत फोडून झाल्यावर वायरमन चहाचा कप घेऊन सरांच्या खुर्चीत मागे रेलला. सव्वादहा वाजले. समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीआडून ऊन बाहेर आलं आणि वायरमनच्या खांद्यावरून बारीक धूर निघाला.

"आई गं!" तो उडाला. चहा सरांच्या अंगावर गेला.

खांदा चोळत वायरमन वळला. खुर्चीच्या पाठीवर गव्हाएवढा पांढराशुभ्र ठिपका होता. त्याने गोळ्यापुढे हात धरला, ठिपका गेला. हात काढला, ठिपका आला. सातवीच्या वर्गाला दरवर्षी भिंगाने कागद जाळून दाखवणारे सर खाली चहाकडे बघत राहिले.

"चाळीस वर्षं कधी असं झालं नाही हो," मावशी रडकुंडीला आल्या. "त्या खोलीत ऊनच यायचं नाही."

वायरमन खांदा चोळायचा थांबला. "शिंप्याच्या वरची खोली? लाकडी जिना, तिसरी पायरी हलायची?"

"चौथी."

"अहो, मी आलो होतो! लग्न जमेल का विचारायला. तुम्ही बराच वेळ गोळ्यात बघितलंत आणि म्हणालात, आधी नखं काप."

"मग? जमलं का?"

"तेवीस वर्षं झाली! पण नखांचं तुम्हाला गोळ्यात कसं दिसलं?"

मावशींच्या चेहऱ्यावर चार दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. "लोक गोळ्याजवळ बोटं टेकवून बसायचे. त्यात बोटं एवढी मोठी दिसतात की काय सांगू! कुणाच्या बोटाला सुई टोचलेली, कुणाची अंगठी काढल्याचा वळ. एकदा तेवढं सांगितलं की पुढचं सगळं लोक आपणच सांगायचे. मी ऐकत बसायची. संध्याकाळी खोली रिकामी झाली की करमायचं नाही बघ."

वायरमन तासभर बसून त्या काळच्या गोष्टी काढत राहिला. भाचीने ट्रंक रिकामी केली आणि गोळा आत, सावलीत, टेबलावर ठेवला.

वायरमन गेल्यावर सर दार लोटून आत आले. टेबलासमोर बसले.

"मावशी, एक विचारू? हे… शाळेत कळेल का?"

मावशींनी पदर सारखा केला, ताठ बसल्या, दोन्ही हात गोळ्याभोवती धरले आणि डोळे बारीक केले. सरांनी श्वास रोखला.

"कळेल," मावशी म्हणाल्या.

"गोळ्यात दिसतंय?"

"नाही. तो वायरमन म्हणाला, उद्या तुमच्या शाळेतले पंखे बघायला जायचंय."